थडीची राखण

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे. तिथल्या शिलालेखात बांधकामाच्या दोन तिथी कोरलेल्या आहेत. शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला काम सुरू झाले आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरे झाले. इसवी सनाच्या हिशेबाने हा काळ १६५८-५९ चा. पंचांगात या दोन तिथी पाहिल्या की नदीकाठी कधी पाया खणलेल्या माणसाला त्यांचे मर्म लगेच कळते. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काम हाती घेतले आणि आषाढीला आठवडा उरला असताना संपवले. चातुर्मासाचा एकही दिवस त्यात नाही. मुहूर्त धर्माने ठरला असेल, पण तो नदीलाही पटणारा होता. पवनेचे पाणी उतरलेले, काठ सुकलेला, आणि पुढचा पूर यायच्या आत चुना पक्का होऊ देण्याइतकी सवड. एवढ्या आठ महिन्यांत काठावरचे दगडी काम उरकायचे, हा या मुलखाचा जुना शिरस्ता होता.

पवना या मंदिरात आजही शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरली, २०२४ च्या जुलैमध्ये शिरली, आणि धरणातून मोठा विसर्ग झाला की पुन्हा शिरेल. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने या मंदिराला साधी चौकोनी इमारत म्हटले आहे, आणि तो साधेपणाच त्याच्या कामी आला. काळ्या दगडाच्या भिंतीत भिजून फुगणारे, कुजणारे असे काही नाही. पूर येतो, गाभाऱ्यात उभा राहतो, ओसरतो; मागे राहिलेला गाळ उपसला की पूजा सुरू होते. मोरया गोसावींच्या वंशजांचा, म्हणजे देव घराण्याचा, राहता मंगलमूर्ती वाडा मात्र काठाला लागून नाही, मागे गावात आहे. ज्याला पाण्याजवळ असणे भाग होते ते पाणी सोसणारे बांधले, आणि जिथे माणसे निजणार ते मागे घेतले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात नदीकाठ राखण्याचा जो इतिहास आहे त्याची सुरुवात या साध्या वाटणीपासून करावी लागते.

हा पट्टा नद्यांनी आखलेला आहे. पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी मोशीला इंद्रायणी ओलांडतो, चाकण सोडल्यावर वाकीजवळ भामा, आणि खेडला म्हणजे राजगुरुनगरला भीमा. दक्षिणेला मुळा वाहते, आणि पवना तिला दापोडीजवळ मिळते. पाचही नद्या सह्याद्रीतून येतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चाकणला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणून चाकणच्या शेतात ऊन असताना खालच्या पात्राला पूर येतो, आणि काठावरच्या माणसाला आभाळाकडे पाहून काहीच कळत नाही.

पात्राचा तळ बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या फत्तराचा. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीने त्यात रांजणखळगे कोरले आहेत. वाहत्या पाण्यात गोटे गरगरत राहून पडलेले हे खळगे पाहिले की नदीच्या अंगात केवढा जोर आहे हे कळते. तळ एवढा कठीण असल्यामुळे तिला खाली जायला वाव थोडा. मग तिचा जोर बाजूला वळतो. काठ मात्र शतकानुशतके साचलेल्या पोयट्याचा, पिवळसर मातीचा, कुठे मुरमाचा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार आदळते आणि माती नेते. आतल्या अंगाला पाणी संथ होते आणि तीच माती, वाळू तिथे टाकते. एका शेतकऱ्याचे गेलेले दुसऱ्याच्या बांधाला लागते.

काठ बहुतेकदा पुराच्या ऐन भरात पडत नाही, पाणी उतरताना पडतो. हे काठावरच्या जुन्या माणसांना ठाऊक असते आणि नवख्यांना घर तडकल्यावर समजते. पूर चढलेला असताना नदीचेच पाणी काठाला बाहेरून रेटून धरते, आणि तेवढ्या वेळात काठाच्या पोटात पाणी मुरते. मग पात्र झपाट्याने उतरले की बाहेरचा आधार जातो, आतली माती ओली आणि जड राहते, आणि दरडीचा अख्खा कापा खाली बसतो. धरणे झाल्यापासून हे अधिक घडते, कारण दरवाजे बंद झाले की पाणी पूर्वीसारखे सावकाश न ओसरता काही तासांत उतरते. शिवाय धरणात गाळ मागे राहतो. खाली सुटणाऱ्या पाण्याला माती वाहण्याची ताकद असते पण वाहायला माती नसते. ती ते काठातून उचलते.

जुन्या गावांनी याला दिलेले पहिले उत्तर बांधकामाचे नव्हतेच. वस्तीची जागा, म्हणजे पांढरी, उंचवट्यावर. काळी, म्हणजे शेतजमीन, तिच्या खाली. आणि थडीची, म्हणजे अगदी नदीकाठची, पट्टी मोकळी. या मोकळ्या पट्टीत पूर ओसरल्यावर गाळपेर व्हायची, वाळवंटात टरबुजा-काकडीचे वेल लागायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पट्टी कुठे आणि केवढी असेल याची खात्री कोणी देत नसे. तिथे कायमचे काही उभारले जात नव्हते, म्हणून गमावण्यासारखेही फारसे नव्हते.

सरकारी दप्तरालाही ही चंचल जमीन मान्य करावी लागली. नदीने आणून टाकलेल्या जमिनीला आपल्याकडे मळईची जमीन म्हणतात. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तिच्यासाठी वेगळी कलमे होती. काठाला नवी मळई लागली तर ठरावीक मर्यादेपर्यंत ती काठच्या खातेदाराने कसावी, त्याहून मोठी झाली तर ती सरकारची. उलट, निदान अर्धा एकर जमीन नदीने वाहून नेली तर तेवढा शेतसारा कमी करून मिळावा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत मळईची आणि वाहून गेलेल्या जमिनीची ही तरतूद पुढे चालू राहिली. कायद्याची ही नजर लक्षात घेण्याजोगी आहे. नदी सरकणार, हे त्यात गृहीत होते. तिला अडवायची जबाबदारी शेतकऱ्यावर नव्हती, सरकारवरही नव्हती. कोणाचे किती गेले आणि कोणाकडे किती आले, एवढाच हिशेब ठेवायचा होता.

दगड लागला तो फक्त तिथे, जिथे माणसाला रोज पाण्यापर्यंत उतरावे लागे. स्नान, धुणे, पाणी भरणे, पिंडदान, पालखीचे स्नान. त्यासाठी घाट आले. देहू-आळंदीचे इंद्रायणीचे घाट आज वारकऱ्यांच्या गर्दीमुळे ओळखले जातात, पण काठ राखण्याचे काम म्हणूनही ते पाहायला हवेत. उघड्या मातीच्या उतारावर हजारो पावले पडली तर काठ एका यात्रेत ढासळेल. घाटाने पावलांपासूनही काठ वाचवला आणि पाण्यापासूनही.

घाट टिकतो कसा? पहिली गोष्ट पायाची. उन्हाळ्यात पात्र आटले की तळचा फत्तर उघडा पडतो आणि सर्वांत खालची पायरी त्यावर बसवता येते. काठ मोडतो तो पायथ्यापासून. पाण्याने खालची माती पोखरली की वरचा सारा भार कोसळतो. पायथा फत्तरावर असेल तर पोखरायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट उताराची. उभ्या भिंतीवर पाणी आपटते आणि तिच्या बुडाशी भोवरा होतो; पायऱ्यांवर ते चढते, प्रत्येक पायरीला अडखळते आणि जोर गमावते. पाणी कोणत्याही पातळीला असो, त्याच्यासमोर एक पायरी असतेच. तिसरी गोष्ट मध्ये मध्ये पुढे काढलेल्या बुरजांची. धार काठाला घासून न जाता बुरजामुळे पात्राच्या मध्याकडे वळते, आणि दोन बुरजांच्या मधले पाणी संथ राहते. आजचे अभियंते पात्रात दगडी धक्के काढून हेच साधतात.

हे काम करणाऱ्या हातांची नावे शिलालेखांत सापडत नाहीत. वडारांनी खाणीतून दगड काढला, पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने तो घडवला, बैलांनी फिरवलेल्या घाणीत चुना मळला गेला. चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी असे काय काय मिसळायची रीत होती. मोक्याच्या सांध्यांत लोखंडी कांब बसवून वर शिसे ओतत. देणगीदार सरदाराचे नाव दगडावर राहिले. पायथ्याचा दगड फत्तरावर किती बरोबर बसला आहे हे पाहणाऱ्याचे राहिले नाही. घाटाचे आयुष्य मात्र त्या दुसऱ्या माणसाने ठरवले.

या विद्येचा सर्वांत देखणा दाखला पाहायला कृष्णाकाठी वाईला जावे लागते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर थेट घाटावर आहे. पुरात ते नदीच्या तोंडी सापडते. बांधणाऱ्याने त्याची मागची भिंत मत्स्याकृती केली, निमुळती, पाण्याला दोन बाजूंनी फाकवणारी. येणारा लोंढा सपाट भिंतीवर आदळण्याऐवजी त्या टोकावर दुभंगतो आणि दोहो अंगांनी निघून जातो. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीने पाहिले. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तिथे नदीलगत घाट, त्यावर देवळे, आणि राहता वाडा तटाच्या आत उंचावर. चिंचवडची वाटणी मेणवलीतही तशीच दिसते, याला योगायोग म्हणता येणार नाही. देशावरच्या नद्यांनी सगळ्यांना एकच धडा दिला होता.

घाट मोजक्या जागी. उरलेला काठ झाडांच्या हवाली होता. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही थडीची झाडे. पात्रातल्या खडकांच्या फटीत शेरणीची झुडपे, जी पुरात आडवी होतात आणि पाणी गेले की पुन्हा उभी राहतात. ओलसर काठावर लव्हाळा आणि वाळा. देहूच्या तुकोबांच्या अभंगात महापुरात तग धरणारे लव्हाळे येते ते नम्रतेचा दाखला म्हणून, पण इंद्रायणीकाठी वाढलेल्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलेले असणार. लव्हाळा वाकतो तेव्हा त्याची पाती काठावर अंथरल्यासारखी पसरतात आणि धार मातीला थेट लागत नाही. वाळ्याची मुळे तर सरळ खाली जाऊन माती विणून धरतात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड या कृषितज्ज्ञांनी भारतात काम करताना वाळ्याचा हा गुण हेरला, आणि त्यांच्या प्रसारानंतर जगभर उतार आणि काठ राखायला वाळा लावला जाऊ लागला. आपल्याकडे तो उन्हाळ्यात माठात टाकायला आणि पडद्यांना राहिला. थडीवरून हळूहळू नाहीसा झाला.

विसाव्या शतकात नदीचे शास्त्र पुण्याच्या दारात आले. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अभ्यासासाठी एक लहान विभाग काढला. त्यातून खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाला उभी राहिली. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने तिथे मोकळ्या जागेत नद्यांच्या प्रतिकृती बांधून वळणे कशी सरकतात, काठ कुठे कापला जातो, धक्के कुठे काढावेत हे वर्षानुवर्षे तपासले. हे काम सांगणारा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये निघाला, आणि इंग्लंडमधल्या वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन केंद्राची धुराही त्यांच्याकडे गेली. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर झालेल्या या कामाचे एक सूत्र असे, की काठाचा एक तुकडा सुटा पाहून चालत नाही. इथे दगड टाकला तर त्याचा परिणाम पुढच्या वळणावर दिसतो.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी हे सूत्र गावोगाव पटवून दिले. इंद्रायणी आणि भीमेवर असे बंधारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या गाळ्यांत ढापे टाकून पाणी अडवायचे, आणि पाऊस येण्याआधी ते काढून घ्यायचे. ढापे वेळेत निघाले नाहीत, किंवा गाळ्यांत झाडे-झुडपे आणि कचरा अडकला, की पूर बंधाऱ्यावरून न जाता बाजूने वाट काढतो आणि शेजारचे शेत कापून नेतो. बंधारा जागेवर उभा, आणि नदी त्याला वळसा घालून वाहते आहे, असे चित्र महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसले आहे. ढापे काढायचा दिवस ही अशा गावांत काठाच्या राखणीची सर्वांत महत्त्वाची तारीख असते.

मग कारखाने आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, आकुर्डी-भोसरी भरत गेली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. पवना धरणाचे पाणी सत्तरच्या दशकात शहराला आणि उद्योगांना मिळू लागले. शतक संपताना वाहन उद्योगाने चाकण गाठले आणि इंद्रायणी ते भामा हा सारा टापू औद्योगिक झाला. नदीकाठाच्या दृष्टीने यातला निर्णायक बदल कारखान्यांचा नव्हता. जमिनीच्या भावाचा होता. गाळपेरीची पट्टी आता गुंठ्यांत मोजली जाऊ लागली. जी जागा दरवर्षी सरकते म्हणून कोणी तिच्यावर भिंत घातली नव्हती, तिच्यावर कर्ज काढून घरे उभी राहिली.

काठाची मातीही गेली. वीटभट्ट्यांना पोयटा हवा होता, बांधकामाला वाळू. पात्रातली वाळू उपसली की तळ खोल जातो आणि काठाचा पायथा उघडा पडतो. त्या जागी आला तो राडारोडा. पाडलेल्या इमारतींचे तुकडे, खोदाईची माती, फरशांचे कपचे रात्री ट्रकने थडीवर ओतायचे, सपाट करायचे आणि पात्रातून जमीन काढायची. हा भराव सैल असतो, म्हणून त्याच्या पुढे संरक्षक भिंत बांधावी लागते. भिंतीने पात्र अरुंद होते, पाण्याची पातळी आणि वेग दोन्ही वाढतात, आणि धार समोरच्या काठावर जाते. मग समोरचा मालकही भिंत बांधतो. भिंतीला पाणी निथळायला पुरेशी भोके ठेवली नाहीत, तर पूर उतरताना मागची भिजलेली माती तिला नदीत ढकलते. लोखंडी जाळीत दगड भरून केलेली भिंत यापेक्षा बरी, कारण तिच्यातून पाणी निघून जाते आणि तळ थोडा खचला तरी ती वाकून बसते. पण पायथा फत्तरावर नसेल तर तीही जाते.

नदीला किती जागा लागते हे शासनाने आखून दिले नव्हते असे नाही. १९८९ मध्ये पाटबंधारे विभागाच्या परिपत्रकाने पूररेषांची पद्धत घातली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. शेती, बाग, मैदान चालेल. हे नियम वाचताना जुन्या गावाची रचना डोळ्यांपुढे उभी राहते. मोकळी थडी, आणि वस्ती वर. पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मुठेकाठच्या दाट वस्तीचे काय होते हे पाहिले होते. नियमामागे तो अनुभवही होता.

तरीही रेषेच्या आत घरे झाली. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. घरे घेणाऱ्यांनी आयुष्याची कमाई त्यात घातली होती. त्यांचे दुःख खरे आहे, आणि आदेशही योग्य आहे. ज्या जागेचे भूखंड पडायलाच नको होते ते पाडून विकले गेले, विजेची मीटर लागली, रस्ते झाले, आणि शेवटी बुलडोझर आला तो सगळ्यांत शेवटच्या खरेदीदाराच्या दारात.

आता महापालिकेने पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्यांच्या काठांसाठी सुधार प्रकल्प आखले आहेत. वाकड ते सांगवी या पट्ट्यात मुळेकाठी काम सुरू झाले, आणि २०२५ मध्ये पिंपळे निलखच्या नागरिकांनी काठची झाडे वाचवण्यासाठी आंदोलन केले. त्यांचे म्हणणे सरळ आहे. उंच झाडे, झुडपे, लव्हाळा हाच काठाचा आधार. तो काढून भराव आणि पादचारी मार्ग करणे म्हणजे काठ कमजोर करणे. या लेखातली सारी साक्ष त्यांच्या बाजूने जाते. नेदरलँड्सने शतकानुशतके नद्यांना तटबंदी घातली, पण १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर तिथल्या सरकारने तीसहून अधिक ठिकाणी, काही जागी बांध मागे घेऊन, नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम राबवला. बांध बांधण्यात जगाला शिकवणारा देश असे करतो, तेव्हा आपल्या नियोजनकारांनी त्याची दखल घ्यायला हवी.

शहराच्या हद्दीबाहेर, भामा आणि भीमेच्या काठी, प्रश्न अजून शेतकऱ्याचाच आहे. काठ तुटला की तलाठी पंचनामा करतो. नदीने प्रवाह बदलल्याने जमीन गेली तर आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये आहेत. गाळ काढायला हेक्टरी १८,०००. हेक्टरात साधारण नव्व्याण्णव गुंठे धरले तर गेलेल्या गुंठ्याला पावणेपाचशे रुपये पडतात. एवढ्यात पायथ्याला टाकायला दगडाची एक ट्रॉली आणणेही अवघड. म्हणून अनेकजण काठावर करंज आणि बांबू लावतात आणि दरडीपासून दोन-चार तास मागे नांगरतात. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते. कसायला मात्र दरवर्षी थोडे कमी मिळते.